स्टार्टचं बटण

आमच्या दुकानावर पाटी होती रेडिओ-टीव्ही दुरुस्तीची, पण वणीतली पोरं त्याला 'गेमचं दुकान' म्हणायची. १९९६च्या दिवाळीनंतर आप्पांनी एक जुना रंगीत टीव्ही फळीवर मांडला. दुरुस्तीला आलेला, पण मालक परत न्यायला आलाच नव्हता. नाशिकहून गेमचा एक संच आणि दोन पिवळ्या कॅसेटी आणल्या. एका रुपयात तीन जान. मारिओ तिसऱ्यांदा मेला की उठायचं आणि पुढच्याला जागा द्यायची. त्या रुपयांचा हिशोब वहीत मी लिहायचे. मी तेव्हा चौथीत होते.

जपानच्या निन्टेन्डोने फॅमिकॉम नावाचा संच १९८३च्या जुलैत बाजारात आणला. वणीपर्यंत पोचली ती त्याची स्वस्त नक्कल. हातात घेतली की आत काही आहे की नाही असं वाटावं इतकी हलकी. टीव्हीची अँटेनाची वायर काढून तिथे गेमची वायर खोचायची, चॅनेल फिरवत चित्र पकडायचं, चित्र फाटलं की कॅसेट काढून तिच्या दातांवर फुंकर मारायची आणि पुन्हा दाबून बसवायची. मारिओ १९८५चा, घरच्या संचावरचा कॉन्ट्रा १९८८चा. म्हणजे जग ते खेळ खेळून पुढे गेलं होतं. आमच्यासाठी मात्र ते कालच जन्मले होते.

एकट्याने खेळायचा खेळ चांगला की जोडीने, हा वाद आज सगळीकडे चालतो. आमच्या फळीपुढे तो रोज चालायचा, फक्त त्याला कुणी वाद म्हणत नव्हतं. मारिओत दोघांची सोय होती खरी, पण पहिला मरेपर्यंत दुसऱ्याने रिमोट धरून नुसतं बसायचं. कॉन्ट्रात दोघं एकाच वेळी पडद्यावर, एक निळ्या पॅन्टचा, एक लाल पॅन्टचा. तिसरी स्टेज धबधब्याची. तिथे खडकांवरून उड्या मारत वर चढायचं. जो पुढे जाईल त्याच्याबरोबर पडदा वर सरकतो आणि खाली राहिलेला, गोळी न लागताही, पडद्याबाहेर गेला की मरतो. त्या धबधब्यावर जिवलग मित्रांची भांडणं झालेली मी पाहिली आहेत. दोन चुलतभाऊ तर कित्येक दिवस एकमेकांशी बोलत नव्हते. पण त्याच धबधब्याने काहींना थांबायलाही शिकवलं. वरचा पोरगा खडकावर उभा राहून ओरडायचा, "ये ये, मी थांबलोय, सावकाश ये." हे ऐकलं की आप्पा सोल्डरिंगवरून मान वर करायचे.

मारिओ मात्र एकट्याचा. तरी आमच्याकडे तो एकट्याने कुणी खेळलाच नाही. एक जण स्टुलावर आणि दहा जण मागे. "उडी मार! आत्ता नको, आता!" खेळणाऱ्याचा हात एक, पण डोळे अकरा जणांचे. दुसऱ्या स्टेजला, जमिनीखालच्या भुयारात, छताच्या विटांवर चढून शेवटपर्यंत चालत गेलं की पुढच्या दुनियांचे पाईप सापडतात. हे गुपित आमच्याकडे चैत्रातल्या यात्रेत आलं. गडावर सप्तशृंगीच्या दर्शनाला निघालेली माणसं वणीत चहापाण्याला उतरायची, त्यांच्यातलाच कुणीतरी पोरगा मागे उभा राहून म्हणाला, "छतावरून जा ना." त्या दिवशी तो पाईप दिसला तेव्हा दुकानात जो गलका झाला, तो कॉन्ट्राच्या कुठल्याही विजयाला झाला नव्हता. मासिक नाही, पुस्तक नाही, ते ज्ञान तोंडोतोंडीच गडाच्या वाटेवर आलं होतं.

त्या गर्दीत मुलगी एकही नव्हती. वही लिहिणारी मी, तीही गल्ल्यामागे. माझा खेळ सकाळचा, शटर अर्धं वर असताना, शाळेआधीचा पाऊण तास. तेव्हा मागे कुणी ओरडत नसे. पोरं मारिओला पळवायची, मी त्याला चालवायचे. पाण्याखालच्या स्टेजमध्ये बटण हलकं दाबत तरंगत राहायचं, ते हळू वाजणारं संगीत ऐकायचं, घड्याळ संपून मेले तरी चालायचं. आईने घरातून हाक मारली की स्टार्टचं बटण दाबायचं. टुणटुण आवाज होऊन मारिओ हवेतल्या हवेत थांबायचा. मी जाऊन दळण टाकून, पाणी भरून यायचे. तो तसाच, उडीच्या मध्यावर. घरात माझ्यासाठी थांबणारं दुसरं काहीच नव्हतं. एकट्याच्या खेळाची माणसांना ओढ का लागते, हे मला कुणी विचारलं तर मी तो हवेतला मारिओ सांगेन.

थांबायची नाही ती वीज. भारनियमन वाढलं तसे डाव अर्धवट तुटू लागले. त्या कॅसेटीत खेळ साठवून ठेवायची सोय नव्हती. लाईट गेली की आठव्या दुनियेतला पोरगाही पहिल्या स्टेजला परत. आप्पा त्याला रुपया परत द्यायचे. वहीत ते आकडे लाल शाईत आहेत, आणि २००४ सालच्या पानांवर लाल जास्त, निळे कमी. पुढे सायबर कॅफे आले, मग मोबाईल. फळी उतरवली.

मग २०१६च्या सप्टेंबरात जिओ आलं आणि दीड-दोन वर्षांत पबजी. शंभर जण एका बेटावर, चौघांची टोळी. माझा भाचा त्यात बुडाला. टोळीतला एक पिंपळगावचा, एक सुरतेचा. हा मात्र खोलीत एकटा, कानात हेडफोन. जेवायला हाक मारली की म्हणायचा, "मावशी, ऑनलाइन आहे, थांबवता येत नाही." मी त्याला दोष देत नाही. धबधब्यावर जोडीदाराला सोडून जाऊ नये हेच तो करत होता. पण मागे उभं राहायला त्याच्या खेळात जागा नव्हती, याचं मला फार वाईट वाटायचं.

२ सप्टेंबर २०२०ला पबजीवर बंदी आली आणि ३० ऑक्टोबरला ते भारतात पुरतं बंद पडलं. त्या दिवशी तो रडला. खेळ गेला म्हणून थोडा, सुरतेचा मित्र आता कुठे भेटणार म्हणून जास्त. ते बेट, ती टोळी, सगळं परक्याच्या यंत्रावर होतं. आमची पिवळी कॅसेट माळ्यावर पडून होती, पण होती. त्याच वर्षी नवरात्रात कोरोनामुळे गडही भाविकांना बंद होता. वणीच्या रस्त्यावर यात्रा नाही, असं नवरात्र मी पहिल्यांदा पाहिलं.

त्याच ऑक्टोबरात पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा 'राजी' संगणकावर आला. एकट्याने खेळायचा खेळ. कसरती करणारी एक अनाथ मुलगी, राक्षसांनी पळवलेल्या धाकट्या भावाला, गोलूला, शोधत निघते आणि दुर्गा तिला त्रिशूळ देते. मी तो माझ्या लॅपटॉपवर घेतला आणि भाच्याच्या हाती दिला. पहिल्या दिवशी तो कंटाळला. दुसऱ्या दिवशी मी मागे जाऊन उभी राहिले. "डावीकडे बघ, भिंतीवर चढता येतंय." तिसऱ्या दिवशी आईही येऊन उभी राहिली, ओल्या हातांनी, पदर खोचून. पडद्यावर देवीची मूर्ती आली तशी म्हणाली, "थांबव रे जरा. गडावरच्या आपल्या देवीला अठरा हात. हिला किती ते मोजू दे."

त्याने बटणांवरून हात काढले. राजी मूर्तीपुढे उभी राहिली. आई बोट पुढे करून मोजू लागली.