‘वडील नाहीत ना घरी!’

वर्गातल्या एखाद्या मुलीविषयी शिक्षकांच्या खोलीत कुजबुज सुरू झाली, की एक वाक्य हटकून येते : “वडील नाहीत ना घरी!” हा समज केवळ आपलाच नाही. संशोधकांनीही तो दीर्घकाळ तपासून पाहिला आहे.

१९८२ साली पॅट्रिशिया ड्रेपर आणि हेन्री हार्पेंडिंग या अमेरिकन मानवशास्त्रज्ञांनी एक तर्क मांडला. वडील घरात आहेत की नाहीत, यावरून मूल लहानपणीच स्त्री-पुरुष संबंधांविषयी अपेक्षा बांधते आणि पुढचे लैंगिक वर्तन त्यानुसार घडते, असा तो तर्क. २००३ साली ब्रूस एलिस व सहकाऱ्यांनी अमेरिका आणि न्यूझीलंडमधल्या मुलींची बालपणापासून जमवलेली माहिती तपासली. वडील जितक्या लहान वयात दुरावले, तितके लवकरचे शरीरसंबंध आणि किशोरवयातील गर्भधारणा यांचे प्रमाण अधिक दिसले. तर्क सिद्ध झाला असे वाटावे, अशीच ही आकडेवारी होती.

पण दोन गोष्टी एकत्र आढळल्या म्हणजे एक दुसरीचे कारण ठरते का? आईवडील मुलांना घर देतात, तशी जनुकेही देतात. आईवडिलांचा संसार मोडण्यामागे आणि मुलांच्या वागण्यामागे तिसरेच काही समान कारण असले तर?

हे पारखण्याची युक्ती जेन मेंडल व सहकाऱ्यांनी २००९ साली वापरली. त्यांनी १४ ते २१ वर्षे वयाच्या १,३८२ मुलामुलींचा अभ्यास केला. या मुलांच्या आया एकमेकींच्या बहिणी होत्या. म्हणजे आपल्या भाषेत ही मावसभावंडे! मावसभावंडांची काही जनुके आणि आजोळची पार्श्वभूमी सारखी असते. वडिलांची अनुपस्थिती हेच कारण असेल, तर एकाचे वडील घरी आणि दुसऱ्याचे नाहीत, अशा भावंडांत फरक दिसायला हवा. तो अपेक्षेप्रमाणे दिसला नाही. मूळ संबंधामागे समान, बहुधा आनुवंशिक, घटक असावेत, असा निष्कर्ष निघाला.

मग घराला महत्त्वच नाही का? तसे नाही. १९९७ साली मायकेल रेस्निक व सहकाऱ्यांनी अमेरिकेतील सातवी ते बारावीच्या सुमारे १२,००० विद्यार्थ्यांच्या मुलाखती अभ्यासल्या. घरी आपल्यावर माया आहे आणि शाळा आपली आहे, असे वाटणारी मुले बहुतेक धोक्यांपासून अधिक सुरक्षित दिसली. हाही केवळ सहसंबंधच, हे विसरू नये.

तरीही त्यातल्या ‘शाळा’ या शब्दापाशी आपण थांबायला हवे. मुलीच्या घरी कोण आहे, हे आपल्या हाती नाही. ती वर्गात आली की तिच्याविषयी कुजबुजायचे की तिच्याशी बोलायचे, हे मात्र आपल्याच हाती आहे.