ब्रश की ब्रशलेस? घाटातल्या 'खेकड्या'पासून सड्यावरच्या क्रॉलरपर्यंत

रॉक क्रॉलर म्हणजे रिमोटवर चालणारी, मोठ्या मऊ चाकांची, वेगासाठी नव्हे तर दगडावर इंचाइंचाने चढण्यासाठी घडवलेली छोटी गाडी. रत्नागिरीच्या जांभ्याच्या सड्यांवर तिला खेळवण्याजोगे कातळ जागोजाग आहेत. ती घेताना पहिला प्रश्न पडतो मोटरचा: ब्रशची की ब्रशलेस? 'ब्रश जुना, ब्रशलेस नवा, म्हणून नवाच घ्या' असे उत्तर सर्रास दिले जाते. इतिहासाच्या विद्यार्थ्याला ते पटण्यासारखे नाही. आजचा थ्रेड त्याविषयी.

आधी 'ब्रश' या शब्दाविषयी. मोटरमधील फिरत्या वेटोळ्यांना वीज पोचवायची, तर फिरणाऱ्या कम्युटेटरला काहीतरी सतत टेकलेले हवे. आरंभीच्या यंत्रांत तांब्याच्या तारांचे झुबके टेकवत; ते कुंचल्यासारखे दिसत, म्हणून ब्रश. त्यांच्या जागी कार्बन वापरण्याचे पेटंट जॉर्ज फोर्ब्स यांनी १८८५ मध्ये घेतले. ठोकळे आले, नाव मात्र कुंचल्याचेच राहिले.

आता दुसरी तारीख पाहा. मिखाइल डोलिव्हो-डोब्रोव्होल्स्की यांनी पिंजऱ्यासारखा रोटर असलेली थ्री-फेज मोटर १८८९ मध्ये सिद्ध केली. तिच्यात ब्रशही नाही, कम्युटेटरही नाही. म्हणजे कार्बनचा ब्रश आणि ब्रशविना चालणारी मोटर यांच्या वयात अंतर अवघे चार वर्षांचे. मग पुढे जवळजवळ शंभर वर्षे रेल्वेच्या इंजिनांत ब्रशचेच राज्य का राहिले?

उत्तर आपल्या सह्याद्रीत आहे. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी बोरीबंदर ते कुर्ला ही भारतातील पहिली विजेवरची गाडी १,५०० व्होल्ट डीसीवर धावली. १९२९-३० पर्यंत विजेच्या तारा बोर आणि थळ हे दोन्ही घाट चढून गेल्या. या घाटांचा चढ ३७ फुटांस एक फूट. तेथे मालगाड्या ओढण्यासाठी जीआयपी रेल्वेने १९२८ पासून २,६०० अश्वशक्तीची इंजिने आणली; त्यांतील पहिली दहा स्वित्झर्लंडच्या विंटरथूर येथे बांधलेली. परदेशी रेल्वेप्रेमी त्यांना 'क्रोकोडाइल' म्हणत. आपल्याकडील कर्मचाऱ्यांनी नाव ठेवले 'खेकडा', आणि माझ्या मते तेच अधिक नेमके. कातळाला चिकटून सरपटणाऱ्या यंत्राला याहून चांगले नाव कोणते?

या खेकड्यांच्या पोटात ब्रशच्या डीसी सीरीज मोटरी होत्या. अशा मोटरीचा गुण असा की ती जवळजवळ थांबलेली असतानाच सर्वाधिक प्रवाह घेते आणि सर्वाधिक जोर देते. वेग बदलायचा तर मोटरी कधी एकामागे एक, कधी समांतर जोडायच्या, आणि मधल्या पायऱ्यांना रोधक वापरायचे. व्यवस्था ओबडधोबड खरी, पण चालकाच्या हाती राहणारी.

त्याच काळात इटलीने उलटा मार्ग धरला होता. जेनोवाजवळच्या जोवी घाटात, बोर घाटाहूनही तीव्र चढावर, ई.५५० ही थ्री-फेज इंजिने चालत. (रोधक जोडण्यापुरती गुळगुळीत कडी आणि त्यांवर ब्रश होते, प्रवाह पालटणारा कम्युटेटर मात्र नव्हता.) इंजिने दणकट, घाट उत्तम चढत. पण डोक्यावर एकाऐवजी दोन तारा हव्यात, आणि कायमचे वेग दोनच: ताशी २५ आणि ५० किलोमीटर. थ्री-फेज मोटरीचा वेग पुरवठ्याच्या वारंवारतेला बांधलेला असतो, आणि धावत्या इंजिनात ती वारंवारता हवी तशी बदलण्याचे साधन त्या काळी नव्हते. मोटर तयार होती; तिला हाकणारा तयार नव्हता.

तो हाकणारा अर्धवाहकांनी दिला. १९५७ मध्ये थायरिस्टर आला. १९६२ मध्ये विल्सन आणि ट्रिकी यांनी कम्युटेटरचे काम इलेक्ट्रॉनिक मंडलाकडे सोपवणाऱ्या डीसी मोटरीचे वर्णन प्रसिद्ध केले; आपल्या खेळण्यातील ब्रशलेस मोटर याच वंशातली. जर्मनीची १२० वर्गाची थ्री-फेज इंजिने १९७९ ची, भारतात डब्ल्यूएपी-५ आले १९९५ मध्ये. कोकण रेल्वेचे विद्युतीकरण २०२२ मध्ये पूर्ण झाले आणि थ्री-फेज मोटरींची विजेची इंजिने रत्नागिरीतून जाऊ लागली.

आता सड्यावर परत येऊ. साध्या, सेन्सर नसलेल्या ब्रशलेस मोटरीत कंट्रोलर रोटरची जागा ओळखतो ती मोटरीत उलट निर्माण होणाऱ्या व्होल्टेजवरून. गाडी थांबली की ते व्होल्टेज शून्य. म्हणजे कातळावर पाय रोवायच्या नेमक्या क्षणी कंट्रोलर आंधळा होतो आणि चाके झटके खात अडखळतात. ब्रशच्या मोटरीला ही अडचण नाही. कम्युटेटर रोटरवरच बसलेला असल्याने आपली जागा त्याला 'ठाऊक' असते. म्हणून ३५ ते ५५ टर्नची, म्हणजे अधिक वेढ्यांची आणि कमी वेगाची, साधी ५४० मापाची मोटर क्रॉलरला आजही शोभते. ट्रॅक्सासने २०१७ मध्ये टीआरएक्स-४ बाजारात आणली, तीही ब्रशच्या मोटरीसह.

पैसे मर्यादित असतील तर माझा कौल स्पष्ट आहे: ब्रशची मोटर घ्या, आणि वाचलेले पैसे उतारावर गाडी धरून ठेवणारा ड्रॅग ब्रेक असलेल्या चांगल्या कंट्रोलरवर घाला. ब्रशलेसच हवी असेल तर सेन्सरवाली मोटर आणि तिला साजेसा कंट्रोलर मिळूनच घ्या. स्वस्त कंट्रोलरवर महाग ब्रशलेस मोटर म्हणजे घरात जोवी घाट. त्याला तर निदान दोन वेग होते.

पावसाळ्यात चिखलपाण्याने ब्रश लवकर झिजतात, तेथे ब्रशलेस सरस. समुद्रकाठी मात्र दोघींनाही जपा. मालगुंड ते पूर्णगड पट्ट्यातील काळ्या वाळूत इल्मेनाइटबरोबर मॅग्नेटाइटचेही कण असतात आणि चुंबक दोन्ही मोटरींत असतो; उघड्या खिडक्यांच्या मोटरीत ती वाळू शिरली की निघता निघत नाही.

आणि मुंबईस जाणे झालेच, तर वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्राच्या आवारात एक खेकडा उभा आहे. चाकांना जोडणारे त्याचे दांडे जवळून पाहा.