आजोबांचं वेब्ली आणि कानपूरचं वेब्ली

२०२० च्या दिवाळीनंतरची गोष्ट. शहादा तालुक्यातल्या एका मित्राचा फोन आला. "भाऊ, तीनपैकी एक जमा करायचंय. कोणतं करू?"

घरात परवान्याची तीन हत्यारं. शेतराखणीची बारा बोअर बंदूक. कानपूरच्या सरकारी कारखान्याचं .३२ चं रिव्हॉल्वर. आणि आजोबांचं, बर्मिंगहॅमचा शिक्का असलेलं वेब्ली अँड स्कॉट, तेही .३२ चंच. डिसेंबर २०१९ मध्ये शस्त्र कायदा बदलला आणि एका परवानाधारकाची मर्यादा तीनवरून दोनवर आली. मूळ विधेयकात तर एकच होतं, विरोध झाला म्हणून दोन झालं. जास्तीचं हत्यार वर्षभरात पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायचं. वारसाहक्कानं आलेलंही या दोनातच मोजायचं.

(गावठी कट्ट्यांच्या बातम्या आपल्या भागाला नव्या नाहीत. ही पोस्ट त्याबद्दल नाही.)

गंमत अशी की त्याची दोन्ही रिव्हॉल्वरं एकाच घराण्यातली. ब्रिटिश लष्करानं वेब्ली पहिल्यांदा १८८७ मध्ये घेतलं, .४५५ बोअरचं. नळी खाली वाकवली की पुंगळ्या एकदम बाहेर फेकल्या जातात, ही त्याची ओळख. पहिल्या महायुद्धानंतर लष्कराला हलकं हत्यार हवं होतं. वेब्लीनं .३८ चा नमुना तयार केला, पण सरकारनं त्यावरून स्वतःच्याच एन्फील्ड कारखान्यात जवळजवळ तसंच रिव्हॉल्वर बनवून टाकलं! कंपनीनं भांडून १,२५० पौंड भरपाई मिळवली. म्हणजे नकलेचा इतिहास इथूनच सुरू होतो. दुसरं महायुद्ध आलं तेव्हा एन्फील्ड पुरेनात, मग सरकारला वेब्लीकडूनही त्यांचं मार्क ४ घ्यावं लागलं.

कानपूरचं .३२ हे त्याच मार्क ४ च्या घडणीवर बेतलेलं. २०१४ मध्ये महिलांसाठी म्हणून गाजावाजा करून आणलेलं 'निर्भीक'सुद्धा त्याच वळणाचं, फक्त हलकं. किंमत तेव्हा सव्वा लाखाच्या आसपास होती.

पण .३२ च का? लष्कराचं तर .३८ होतं. उत्तर कायद्यात आहे. सरकारी दलांची काडतुसं ज्यात बसतील आणि उडतील असं पिस्तूल किंवा रिव्हॉल्वर सामान्य नागरिकाला नाही. .३८०, .४५५, ९ मिमी हे सगळं 'प्रतिबंधित बोअर'. या विचाराची मुळं इंग्रजी राजवटीत आहेत. लिटनच्या १८७८ च्या कायद्यानं हिंदी माणसाला परवान्याशिवाय हत्यार बंद केलं, युरोपियनांना मात्र सूट. सरकारची गोळी सरकारकडेच राहिली पाहिजे, असा तो हिशोब. ती गोळी कुणावर चालते हे नंदुरबारला वेगळं सांगायला नको. ९ सप्टेंबर १९४२ ला मिरवणुकीवर गोळीबार झाला, शिरीषकुमार आणि त्याचे चार साथीदार गेले. हातात तिरंगा होता.

स्वातंत्र्यानंतर १९५९ चा कायदा आला, बोअरची भिंत तशीच राहिली. त्यामुळे आपल्याकडे 'लष्करी वेब्ली' म्हणून हौसेनं घेतलं जातं ते कायद्यानं लहान करून दिलेलं वेब्ली असतं. परदेशात तसं नाही. इटलीत उबेर्ती १९५९ पासून जुन्या कोल्टच्या हुबेहूब प्रती बनवते. तुर्कस्तानात कोल्ट १९११ आणि ब्राउनिंग हाय-पॉवरच्या प्रती निघतात आणि अमेरिकेत हातोहात खपतात. संग्राहकाला तिथे मूळही मिळतं आणि नक्कलही. आपल्याकडे १९८० च्या दशकाच्या मध्यापासून सामान्य परवानाधारकाला आयात बंद. मग देशात आधीच असलेल्या जुन्या विलायती हत्यारांचे भाव चढणारच.

आणि योगायोग बघा. खुद्द वेब्लीनं १९७९ मध्ये बर्मिंगहॅमला बंदुका बनवणं थांबवलं होतं. ती कंपनी २०२० मध्येच भारतीय भागीदाराबरोबर उत्तर प्रदेशात संडीला इथं .३२ चं रिव्हॉल्वर घेऊन परत आली. ज्या वर्षी माझा मित्र आजोबांचं वेब्ली कुठं ठेवू म्हणून विचारत होता, त्याच वर्षी नव्या वेब्लीच्या जाहिराती सुरू!

मी त्याला म्हटलं, कलम ४५ बघ, पुरातन मूल्याच्या हत्याराला सूट आहे. वकिलानं दोन मिनिटांत हवा काढली. सूट आहे, पण दुरुस्त करूनही जे चालणार नाही त्यालाच. आजोबांचं तर तेलपाणी करून अजून खणखणीत. म्हणजे नीट जपलं हाच गुन्हा. गंजवून ठेवलं असतं तर वाचलं असतं! मर्यादा घालायला माझा विरोध नाही. हत्यारं कमीच असावीत. पण पन्नास-साठ वर्षांपेक्षा जुन्या, नोंदणी असलेल्या वस्तूसाठी घोडा-नळी कायमची निकामी करून घरात ठेवण्याचा सोपा, तालुक्याच्या माणसाला समजेल असा मार्ग हवा होता. जमा करताना तो कुणी नीट सांगितलाच नाही.

शेवटी त्यानं आजोबांचंच जमा केलं. कारण साधं होतं. बारा बोअर शेताला लागते, आणि कानपूरच्याला सुटे भाग मिळतात. विक्रेत्यानं वजन, नंबर लिहून पावती दिली. आजोबांचा इंग्रजीतला जुना परवाना मात्र त्यानं ठेवून घेतला, त्यावर तेव्हाच्या पश्चिम खानदेश जिल्ह्याचा शिक्का आहे.

तुमच्याकडे घरात असे जुने परवाने, पावत्या असतील तर फेकू नका. फोटो काढून ठेवा. हत्याराचा नंबर आणि नाव-पत्ता झाकून कमेंटमध्ये टाकलेत तर मलाही बघायला आवडेल.