धाव, आस आणि बोरघाट

रणात रथाच्या आसाची खीळ निसटताच कैकेयीने तिथे आपला हात घातला, ही कथा आपण लहानपणीच ऐकतो. घाट उतरणाऱ्या गाडीवानाला तिच्यात अद्भुत असे काही वाटले नसावे.

१९व्या शतकाच्या आरंभी पुणे-सोलापूरकडील गाड्यांची चाके दगडाची वा भरीव लाकडाची असत. दूरचा माल बहुतेक बैलांच्या पाठीवरूनच जाई. १८३० मध्ये बोरघाटाचा गाडीरस्ता खुला झाला. रस्ता आला, पण त्याजोगी गाडी कुठे होती? त्याच दशकात लेफ्टनंट गेसफर्ड याने टेंभुर्णीस सुधारित गाड्यांचा कारखाना काढला.

आऱ्यांच्या चाकाचे मर्म धावेत असते. परिघाहून किंचित लहान केलेली लोखंडी पट्टी तापवून चढवायची आणि लगेच पाणी ओतायचे. आकसणारे लोखंड पाटे नि आरे आवळून धरते. उन्हाळ्यात लाकूड सुकून धाव सैल होते, म्हणून जाणते गाडीवान चाके नदीत भिजवीत. आसाला वंगण नसले, खीळ झिजली, की उतारावर गाडी बैलांसह कलंडण्याचे भय.

पुढे ऊसपट्ट्यात रबरी टायरच्या गाड्या आल्या. लोक त्यांना ‘डनलॉप’ म्हणू लागले. ओझे वाढले, ब्रेक मात्र बहुधा आलाच नाही.