गोदातीरावरची सुवार्ता

ज्युबिली म्हणजे मांडव, मिरवणूक व मेजवानी, असा अर्थ हल्लीं रूढ झाला आहे. लेवीय ग्रंथाच्या २५ व्या अध्यायांतील अर्थ निराळा आहे. ५० व्या वर्षीं गुलाम सुटावा आणि हातची गेलेली जमीन मूळ कुळाला परत मिळावी, अशी ती आज्ञा. आपल्या धर्मग्रामाचा इतिहास याच कसोटीवर पाहावा, असें आम्हांस वाटतें.

संत फ्रान्सिस डी सेल्स यांच्या नांवानें स्थापन झालेल्या संघाचे धर्मगुरु १८४५ सालीं आनसीहून हिंदुस्थानांत आले. १८८७ सालीं नागपूर धर्मप्रांत झाला, आणि त्या शतकाच्या अखेरीस याच संघाचे धर्मगुरु वैजापूर तालुक्यांतील घोगरगांवीं पोहोंचले. गोदावरीच्या दक्षिणेस नगर जिल्ह्यांत इंग्रजी अंमल. तेथें केंदळ येथें येशूसंघीयांचें कार्य आधींच चालूं होतें. उत्तरेस निजामाचें राज्य. सरकारें दोन, परंतु सोयरिकी एकच! एका तीरावरच्या लेकीचें सासर दुसऱ्या तीरावर असे. सुवार्तेला याहून सरळ वाट ती कोणती?

पुढें १८९६-९७ व १८९९-१९०० चे घोर दुष्काळ पडले. आपले पूर्वज धान्यासाठीं ख्रिस्ती झाले, हा टोमणा आपण पुष्कळदां ऐकतों. भुकेचा कांहींच संबंध नव्हता असें म्हणणें अप्रामाणिकपणाचें होईल. परंतु ज्याला गांवच्या विहिरीवर घागर भरूं देत नव्हते, त्याच्या वस्तींत येऊन कोणी बसतो, त्याच्या मुलाला मुळाक्षरें गिरवावयास लावतो, हें त्या मनुष्यास धान्याहून उणें वाटलें असेल काय? दुष्काळ सरले, प्रार्थना राहिली.

बोरसर येथील फादर गुरियन जाकिए यांच्यासारख्या परदेशी धर्मगुरूंचीं नांवें तरी ठाऊक आहेत. त्यांच्या मागोमाग वस्तीवस्तीला जाणारा मास्तर मात्र बहुधा निनांवीच राहिला. दिवसां शाळा, रात्रीं कंदिलाच्या उजेडांत धर्मशिक्षण, आणि मरणोन्मुखाच्या उशाशीं प्रार्थना, हीं सारीं कामें त्याचीं. आमच्या मतें मराठवाड्यांतील ख्रिस्तसभा मुख्यतः त्याच्याच खांद्यावर उभी राहिली.

१९५५ सालीं अमरावती व १९७७ सालीं औरंगाबाद धर्मप्रांत झाला. शहराचें नांव २०२३ सालीं छत्रपति संभाजीनगर झालें. खेड्यांतलीं कुटुंबें वाळूजच्या कारखान्यांकडे आलीं. १९५० च्या राष्ट्रपति-आदेशानें ख्रिस्ती झालेल्या दलितांस अनुसूचित जातींत स्थान ठेविलें नाहीं, तें आजतागायत नाहीं. म्हणजे विहिरीची जुनी गोष्ट नव्या रूपानें चालूंच आहे. अशा घरांतील मूल फीअभावीं कॉलेजांतून परत येत असतां मंदिराला नवा रंग देण्यांत आपण गुंतलों, तर ज्युबिली कसली?

म्हणून आमच्या दोन सूचना आहेत. ज्युबिलीच्या वर्गणीपैकीं निम्मी रक्कम या मुलांच्या शिक्षणासाठीं वेगळी ठेवावी. आणि वृद्ध मंडळी हयात आहेत तोंवर, त्यांना विचारून व बाप्तिस्म्याच्या नोंदवह्या चाळून, त्या मास्तरांचीं नांवें गांववार लिहून घ्यावीं.