गोव्याचा वैद्य गार्सिया द ओर्ता आणि ‘नवे ख्रिस्ती’

गोव्यांतील इन्क्विझिशनचें नांव निघालें कीं महाराष्ट्रीयांच्या डोळ्यांपुढें ओसाड देवळें, रातोरात नदीपार नेलेल्या मूर्ती आणि गांव सोडून गेलेलीं कुटुंबें उभीं राहतात. तें स्वाभाविक आहे. परंतु १५६० सालीं हें धर्मन्यायासन गोव्यांत स्थापन झालें तें प्रथमतः हिंदूंवर नजर ठेवून नव्हे, ही गोष्ट मात्र फारशी कोणाच्या लक्षांत नसते. चर्चच्या नियमाप्रमाणें बाप्तिस्मा न घेतलेल्या मनुष्यावर त्या न्यायासनाचा अधिकारच चालत नसे. (पुढें हा नियम किती पाळला गेला, हा निराळा विषय होईल.) आरंभीं त्याचा रोख होता तो पोर्तुगालहून आलेल्या, नांवानें व पोशाखानें पूर्ण पोर्तुगीज असलेल्या, रविवारीं चर्चमध्यें गुडघे टेकणाऱ्या एका वर्गावर. त्या वर्गास ‘नवे ख्रिस्ती’ म्हणत. यहुदी मातापित्यांच्या पोटीं जन्म, एवढाच त्यांचा मूळ दोष होता.

हा दोष कसा ठरला, हें समजण्यासाठीं थोडें मागें गेलें पाहिजे. येशू यहुदी होता, त्याची माता मेरी यहुदी होती, बारा शिष्य यहुदी होते, आणि पौलही यहुदीच. आरंभींचा तंटा हा एकाच घरांतील तंटा होता. पण चौथ्या शतकांत रोमन साम्राज्याची सत्ता ख्रिस्ती धर्माच्या पाठीशीं उभी राहिली, आणि घरांतल्या भांडणांतील एका पक्षाच्या हातीं तलवार आली. ३८६–८७ सालीं अँटिऑक येथें जॉन क्रिसोस्टम या नामांकित धर्मोपदेशकानें यहुद्यांविरुद्ध आठ प्रवचनें दिलीं. तीं आज वाचतांना संकोच वाटतो, इतकी त्यांची भाषा विखारी आहे. मौज अशी कीं त्यांचें कारण यहुद्यांचा कांहीं अपराध हें नव्हतें. क्रिसोस्टमचेच अनुयायी यहुद्यांच्या सणांना त्यांच्या प्रार्थनामंदिरांत आनंदानें जात, हें त्याला खपत नव्हतें. सामान्य माणसें शेजारधर्मानें वागत होतीं. द्वेष शिकवावा लागला तो व्यासपीठावरून.

त्यानंतर संत ऑगस्टिननें एक मध्यम वाट काढली. यहुद्यांना मारूं नये. त्यांनीं विखुरलेल्या व हीन अवस्थेंत जगावें, म्हणजे ख्रिस्ती धर्माच्या सत्यतेचे ते चालतेबोलते साक्षीदार होतील, असें त्याचें मत होतें. पुढें आठशें वर्षें पोपच्या गादीवरून एका हातानें यहुद्यांच्या संरक्षणाचीं आज्ञापत्रें निघत राहिलीं. दुसऱ्या हातानें १२१५ च्या लॅटरन परिषदेनें त्यांना ओळखूं येईल असा निराळा पोशाख सक्तीचा केला. ‘ख्रिस्ताला यहुद्यांनीं मारलें’ हें वाक्य पिढ्यानुपिढ्या मुलांच्या कानावर पडत राहिलें. तरीही एक दार उघडें मानलें जाई. यहुद्यानें बाप्तिस्मा घेतला कीं तो इतरांसारखाच ख्रिस्ती, हें चर्चचें तत्त्व होतें, आणि तें पौलाइतकें जुनें होतें.

स्पेनमध्यें हें दार बंद झालें. १३९१ सालच्या दंगलींत हजारों यहुदी कापले गेले व त्याहून अधिकांनीं जीव वाचविण्यासाठीं बाप्तिस्मा घेतला. हे लोक आतां सरकारी नोकऱ्यांत, व्यापारांत, धर्मपीठांतही शिरूं लागले. त्याबरोबर तक्रार बदलली. पूर्वी म्हणत, यहुदी ख्रिस्ती होत नाहींत; आतां म्हणूं लागले, हे ख्रिस्ती कां झाले! १४४९ सालीं टोलेडो शहरांत नव्या ख्रिस्त्यांना अधिकाराच्या जागा बंद करणारा ठराव झाला. पोप पांचव्या निकोलसनें त्याच वर्षीं त्याचा कडक निषेध केला, ही गोष्ट न्यायानें सांगितली पाहिजे. पण शंभर वर्षांनीं टोलेडोच्या कॅथीड्रलनें तसाच नियम केला, तेव्हां चौथ्या पॉल पोपनें त्यास १५५५ सालीं मान्यता दिली. ‘रक्तशुद्धी’ हा शब्द रूढ झाला. जातीचें ओझें जन्मानें येतें व धर्मांतरानेंही सुटत नाहीं, ही कल्पना आपल्या देशांतील वाचकांना परकी वाटण्याचें कारण नाहीं.

१४९२ सालीं स्पेननें बाप्तिस्मा न घेतलेल्या सर्व यहुद्यांना हद्दपार केलें. पुष्कळ लोक सरहद्द ओलांडून पोर्तुगालांत आले. त्यांत गार्सिया द ओर्ता याचे आईबापही होते. पांच वर्षांतच तेथेंही तेंच संकट आलें. स्पेनच्या राजकन्येशीं विवाह व्हावा म्हणून पोर्तुगालचा राजा मानुएल यानें यहुद्यांना घालवून देण्याचें कबूल केलें. पण असे उद्योगी प्रजाजन गमावणें त्याच्या जिवावर आलें. तेव्हां त्यानें विलक्षण तोड काढली. १४९७ च्या ईस्टरच्या सुमारास चौदा वर्षांखालील यहुदी मुलें आईबापांपासून हिसकावून घेऊन त्यांना बाप्तिस्मा देण्यांत आला. आणि जहाजें मिळतील या आशेनें लिस्बनच्या एस्ताउस वाड्यांत जमलेल्या हजारों लोकांना तेथेंच सक्तीनें ख्रिस्ती करण्यांत आलें. त्यांच्या श्रद्धेची वीस वर्षें चौकशी होणार नाहीं, असें राजानें वचन दिलें. ज्या वाड्यांत त्यांना कोंडलें होतें, त्याच वाड्यांत पुढें इन्क्विझिशनची कचेरी बसली.

गार्सियाचा जन्म १५०० च्या सुमारास कास्तेलो द व्हीद या सरहद्दीवरील गांवीं झाला, म्हणजे जन्मतःच तो ‘नवा ख्रिस्ती’. तो लहान असतांना, १५०६ च्या एप्रिलांत, लिस्बनमध्यें भयंकर हत्याकांड घडलें. सेंट डॉमिनिकच्या चर्चमध्यें क्रुसावर चमत्काराचा प्रकाश दिसला असें लोक म्हणूं लागले. एका नव्या ख्रिस्त्यानें हा चमत्कार नसून साधा उजेड आहे, असें म्हटलें. त्याला तेथेंच ठार करण्यांत आलें. दोन संन्याशांनीं लोकांना चेतविलें, आणि तीन दिवसांत सुमारें दोन हजार माणसें मारलीं गेलीं असें सांगतात. हीं सर्व माणसें बाप्तिस्मा घेतलेलीं होतीं. राजानें मागाहून पुढाऱ्यांना व त्या संन्याशांनाही देहांत शासन दिलें.

गार्सिया सालामांका व आल्काला या विद्यापीठांत वैद्यक शिकला, कांहीं वर्षें लिस्बनला अध्यापक झाला, आणि १५३४ च्या मार्चमध्यें मार्तीम आफोन्सो द सोझा याच्या गलबतांतून हिंदुस्थानास निघाला. दोनच वर्षांनीं पोर्तुगालांत इन्क्विझिशन स्थापन झालें. त्याला वाऱ्याची दिशा आधींच कळली असावी.

गोव्यांत त्याचें नशीब फळलें. व्हाइसरॉयांचा तो वैद्य झाला. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाकडे त्याचें जाणेंयेणें होतें. तो त्याच्यावर उपचार करी, आणि दोघांचा स्नेह होता. तेथील मुसलमान हकीम व हिंदु वैद्य यांच्याशीं त्यानें मोकळेपणानें चर्चा केली. इ. स. १५५४ च्या सुमारास मुंबईचें बेट त्याला खंडानें मिळालें. आज ज्या मुंबईंत लाखों मराठी कुटुंबें राहतात, तिचा कांहीं काळचा मालक हा गुपचूप यहुदी असलेला वैद्य होता! तेथील वर्षातून दोनदां फळणाऱ्या आपल्या आंब्याचें त्यानें मोठ्या कौतुकानें वर्णन केलें आहे.

हें वर्णन ज्या ग्रंथांत आहे तो ‘कोलोकियुश’ १० एप्रिल १५६३ रोजीं गोव्यांत छापून निघाला. त्याचा विषय हिंदुस्थानांतील औषधी व वनस्पती हा आहे. पटकीच्या रोगाचें युरोपीय वैद्यानें केलेलें आरंभींचें स्पष्ट वर्णन त्यांत सांपडतें. पोर्तुगालचा महाकवि कामोंइश याची छापली गेलेली पहिली कविता या ग्रंथाच्या आरंभीं आहे. सर्व ग्रंथ संवादरूप आहे. एक पात्र स्वतः ओर्ता, दुसरें स्पेनहून आलेला डॉक्टर रुआनो. रुआनो प्रत्येक गोष्टीला ग्रीक व रोमन ग्रंथांचा आधार मागतो. ओर्ता डोळ्यांनीं पाहिलेलें प्रमाण मानतो, आणि स्पेनमध्यें असतों तर गॅलनविरुद्ध बोलण्याचें धाडस झालें नसतें, अशा अर्थाचें म्हणून टाकतो. वैद्यकापुरतें त्याला गोव्यांत स्वातंत्र्य सांपडलें होतें.

धर्मापुरतें मात्र तें दिवसेंदिवस आटत चाललें होतें. १५४३ सालींच गोव्यांत जेरोनिमो दियास या नव्या ख्रिस्ती वैद्याला पाखंडाबद्दल गळा आवळून जाळण्यांत आलें. १५४६ सालीं सेंट फ्रान्सिस झेव्हियर यानें पोर्तुगालच्या राजास पत्र लिहून हिंदुस्थानांत इन्क्विझिशनची मागणी केली. कारण दिलें तें हें कीं येथें पुष्कळ लोक मोशेच्या व महंमदाच्या धर्माप्रमाणें राहतात. ओर्ताच्या दोन बहिणींना लिस्बनमध्यें तुरुंगवास घडला होता. १५४९ सालीं त्या आईसह गोव्यास आल्या. १५५७ सालीं कोचीनच्या चर्चमधील दानपेटींत धर्मनिंदेच्या चिठ्ठ्या सांपडल्या, आणि संशयावरून अनेक नव्या ख्रिस्त्यांना पकडून लिस्बनला पाठविण्यांत आलें. तीन वर्षांनीं न्यायासनच गोव्यांत आलें.

पहिला आर्चबिशप गास्पार द लियांव त्याच वर्षीं आला. त्यानें १५६५ सालीं यहुद्यांच्या मतांचें खंडन करणारा एक जुना ग्रंथ गोव्यांत छापविला व त्यास ‘इस्रायलच्या लोकांस’ उद्देशून आपलें पत्र जोडलें. मूळ ग्रंथाचा कर्ता जेरोनिमो हा पोपचा वैद्य होता, आणि जन्मानें यहुदी होता. छापणारा होता जुआंव द एंदेम. दोन वर्षांपूर्वीं ओर्ताचा ग्रंथ छापणाराही तोच.

नव्या ख्रिस्त्यांच्या घरांत काय शोधीत, याची यादीच असे. शनिवारीं धुतलेले कपडे घालणें, शुक्रवारीं संध्याकाळीं दिवा लावणें, डुकराचें मांस टाळणें, वर्षातून एकदां कडक उपवास करणें, एवढ्यावरून माणूस कोठडींत जाई. आणि या गोष्टी बाहेरच्यांना कोठून दिसणार? त्या सांगत मोलकरणी, शेजारी, सोयरे. गोव्याच्या उत्तरेस कोंकणांत बेने इस्रायल लोक शनिवारीं तेलाचा घाणा बंद ठेवीत. तेवढ्यावरून त्यांना शेजारी ‘शनवार तेली’ म्हणत. त्यांना या कारणासाठीं कोणी चौकशीस ओढलें नाहीं.

ओर्ता १५६८ सालीं वारला व सन्मानानें पुरला गेला. व्हाइसरॉयांची मर्जी मरेपर्यंत त्याच्या पाठीशीं होती. तो डोळे मिटतो न मिटतो तोंच त्याची बहीण कातारिना हिला ऑक्टोबरांत अटक झाली. तिच्याच नवऱ्यानें साक्ष दिली. गार्सिया मोशेचा धर्म खरा मानीत असे. ख्रिस्त हा देवाचा पुत्र नव्हे, आणि त्याला यहुद्यांनीं मारलें नाहीं, असें तो म्हणे, अशी ती साक्ष होती. चौकशीपुढें कोणाच्या तोंडून काय निघालें व तें कितपत स्वेच्छेनें निघालें, याचा निवाडा करणें कठीण आहे. २५ ऑक्टोबर १५६९ रोजीं कातारिनाला गोव्यांत जिवंत माणसाचा शेवट जसा होऊं नये तसा झाला. तिला चितेवर जाळण्यांत आलें. तेवढ्यानेंही प्रकरण मिटलें नाहीं. ४ डिसेंबर १५८० रोजीं, मृत्यूनंतर बारा वर्षांनीं, गार्सियाचीं हाडें थडग्यांतून उकरून काढण्यांत आलीं आणि जाहीर समारंभांत जाळण्यांत आलीं.

रक्ताची ही परीक्षा मग चर्चच्या आंतही घट्ट झाली. येशूसंघाचा दुसरा प्रमुख लाइनेझ हा यहुदी वंशाचा होता. त्याच संघानें १५९३ सालीं यहुदी व मुसलमान वंशाच्या उमेदवारांना दार बंद केलें. तो नियम पुढें सैल होत गेला तरी पूर्णपणें उठला १९४६ सालीं. त्याच्या आदल्या वर्षीं जर्मनीच्या छळछावण्या उघड्या पडल्या होत्या. हिटलरचा कायदाही आजोबा-आजीचा धर्म पाहत होता, बाप्तिस्मा पाहत नव्हता. कार्मेलाइट संन्यासिनी झालेली एडिथ स्टाइन १९४२ सालीं आउश्वित्झ येथें मारली गेली ती यहुदी म्हणूनच. स्पेनचे धर्माधिकारी व हे राज्यकर्ते एका माळेंत ओवणें अन्यायाचें होईल. तथापि रक्ताचा हिशेब ठेवण्याची विद्या युरोपांत नवी नव्हती, एवढें तर म्हणावेंच लागतें.

पोर्तुगालांत जुने व नवे ख्रिस्ती हा भेद १७७३ सालीं पोंबालच्या कायद्यानें नष्ट झाला. गोव्याचें इन्क्विझिशन १७७४ सालीं बंद पडून पुन्हां चार वर्षांनीं सुरू झालें व १८१२ सालीं कायमचें उठलें. येशूच्या मृत्यूचा दोष त्या काळच्या सर्व यहुद्यांना किंवा आजच्या यहुद्यांना सरसकट लावतां येत नाहीं, हें व्हॅटिकन परिषदेनें २८ ऑक्टोबर १९६५ रोजीं ठरावानें जाहीर केलें. ओर्ताच्या मेव्हण्यानें दिलेल्या साक्षीनंतर हें व्हावयास चारशें वर्षांस थोडीं वर्षें कमी लागलीं.

ओर्ताच्या यहुदीपणाची हकीकत तोंपर्यंत बहुतेकांना अज्ञात होती. त्याची चरित्रें लिहिलीं गेलीं, ग्रंथाचीं भाषांतरें झालीं, पणजीच्या बागेला त्याचें नांव दिलें गेलें. पण १९३४ सालीं सिल्व्हा कार्व्हाल्यु यानें इन्क्विझिशनचीं दप्तरें प्रसिद्ध केलीं तेव्हां कुठें त्याच्या हाडांची कथा उजेडांत आली. १९८९ सालीं पोर्तुगालचे अध्यक्ष मारियो सुआरिश यांनीं यहुद्यांवरील या छळाबद्दल देशाच्या वतीनें क्षमा मागितली. तो समारंभ त्याच्याच जन्मगांवीं, कास्तेलो द व्हीद येथें झाला.