हर्सूलची हवा आणि नफ्याचा हिशोब

आमच्या घरात हर्सूल म्हणजे दोन गोष्टी. एक हर्सूलचा तलाव, दुसरी तिथली मध्यवर्ती जेल. मस्ती फार वाढली की आजी म्हणायची, "हर्सूलची हवा खायचीय का?" पण त्याच आजीला जेलबद्दल थोडा आदरही होता. 1938-39 च्या सत्याग्रहात निजामाने मराठवाड्यातल्या कितीतरी भल्या माणसांना औरंगाबादच्या तुरुंगात डांबलं होतं ना! निजाम असो की आजचं सरकार, तुरुंग चालवणार ते राज्यच, हे आम्ही गृहीतच धरलेलं.

म्हणून नात्यातल्या एका मुलीने विचारलं तेव्हा चमकलेच. ती नर्स आहे, परदेशात नोकरी शोधतेय. "मावशी, तुरुंगसुद्धा खाजगी असतो का गं? तिथे नोकरी करावी का?"

असतो. आणि ही टूम नवीनही नाही. अठराव्या शतकातल्या इंग्लंडात बऱ्याच जेलरांना पगारच नसायचा, कैद्यांकडून फी घेऊन ते पोट भरायचे. जॉन हॉवर्ड 1773 मध्ये बेडफर्डशायरचा शेरीफ झाला आणि पाहतो तर काय, निर्दोष सुटलेली माणसंही जेलरची फी देता आली नाही म्हणून आतच! त्याच्या खटपटीने 1774 मध्ये दोन कायदे झाले. एकाने सुटलेल्यांची फी बंद केली, दुसऱ्याने तुरुंगात स्वच्छता आणि वैद्य बंधनकारक केले. मला गंमत वाटते ती ही, की कैद्याचं आरोग्य आणि जेलरचा खिसा हे दोन प्रश्न एकाच वर्षी, एकाच माणसामुळे पुढे आले.

पुढे 1791 मध्ये जेरेमी बेंथमने स्वतःच तुरुंगाचं कंत्राट मागितलं. त्याची अट मात्र विलक्षण होती. ठरावीक सरासरीपेक्षा जास्त कैदी मेले, तर प्रत्येकामागे कंत्राटदाराने दंड भरायचा! सरकारने ती योजना अखेर गुंडाळली. अमेरिकेत 1983 मध्ये खाजगी तुरुंगांची मोठी कंपनी निघाली, इंग्लंडात 1992 मध्ये पहिला तुरुंग खाजगी हातात गेला. बेंथमचं कंत्राट आलं, ती अट काही त्या रूपात आली नाही.

तर मुद्दा नर्सचा. कंपनीला दर कैद्यामागे दर दिवसाला ठरलेले पैसे मिळत असतील, तर रात्री दोनला कुणाच्या छातीत दुखलं की त्याला हॉस्पिटलात नेणं हा खर्च. नेलं नाही तर बचत. कुणी दुष्ट असावं लागत नाही, हिशोबच तसा असतो. त्या वेळी फोनजवळ असते ती नर्स. 2015 च्या संयुक्त राष्ट्रांच्या मंडेला नियमांत स्पष्ट म्हटलंय, की वैद्यकीय निर्णय वैद्यकीय माणसानेच घ्यायचा, तुरुंगाच्या अधिकाऱ्याने तो फिरवायचा नाही. मी तिला एवढंच सांगितलं, मुलाखतीत विचार, "अँब्युलन्स बोलवायला मला कुणाची परवानगी लागेल?" उत्तर ऐकून ठरव.

इस्रायलच्या सर्वोच्च न्यायालयाने तर 2009 मध्ये खाजगी तुरुंगाचा कायदाच रद्द केला. नफ्यासाठी चालणाऱ्या कंपनीने माणसाला कोंडणं हाच त्याच्या प्रतिष्ठेचा भंग आहे, असं म्हणून.

आपल्याकडे राज्यघटनेनुसार तुरुंग हा राज्यांचा विषय. पण सरकारी म्हणजे सारं आलबेल असंही नाही हं. 1894 च्या कायद्यातच प्रत्येक तुरुंगात दवाखाना हवा असं लिहिलेलं होतं, तरी 1996 मध्ये राममूर्ती खटल्यात सर्वोच्च न्यायालयाला तुरुंगांच्या दुखण्यांत आरोग्याची हेळसांड मोजावी लागलीच. फरक इतकाच, की सरकारने हयगय केली तर ती हयगय असते, तिच्यातून भागधारकांना लाभांश मिळत नाही. आणि जाब कुणाला विचारायचा हे माहीत असतं.

बाहेरचा पेशंट एक डॉक्टर नाही पटला तर दुसऱ्याकडे जातो. आतल्याला ती सोय नाही. त्याच्यासाठी जी नर्स समोर उभी आहे, तेवढंच हॉस्पिटल. तिला पगार कोण देतो हे म्हणूनच महत्त्वाचं.